पिकअपचं पुढचं सस्पेन्शन घरी करताना: कुठवर जायचं, कुठे थांबायचं

"गाडी पुढून बसलीय, दोन इंच उचलायची आहे, घरी जमेल का?" नवीन पिकअप किंवा जुनी थार घेतलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. काही कामं घरी जमतात आणि काही मुळीच करू नयेत. दोन्हींमधली हद्द कुठे आहे ते आधी नीट कळलं पाहिजे, कारण गाडीखाली झोपल्यावर ती शोधायला वेळ मिळत नाही. पुढचा सगळा मजकूर पुणे परिसरातल्या अशा माणसासाठी आहे ज्याने चाक बदललंय, ऑइल बदललंय, पण सस्पेन्शनला अजून पाना लावलेला नाही.

आधी गाडी ओळखा

पुढच्या चाकावरचा भार कोणत्या स्प्रिंगवर उभा आहे, त्यावर सगळं काम ठरतं. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात.

पहिला टॉर्शन बार. २०१० ते २०२० दरम्यानची सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची) थार, जुनी फोर-व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ, टाटा झेनॉन ही त्यातली नेहमीची उदाहरणं. इथे गुंडाळलेली स्प्रिंग नसते. एक जाड पोलादी दांडा सस्पेन्शनच्या आर्मपासून (चाकाला चासीशी जोडणाऱ्या हातापासून) मागे चासीच्या आडव्या बीमपर्यंत जातो, आणि चाक वर आलं की तो पिळला जातो. त्याचा पीळच गाडीचं वजन पेलतो.

दुसरा कॉइल स्प्रिंग. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स आणि २०२० नंतरची थार या प्रकारात येतात. यांत बहुतेक वेळा स्प्रिंग शॉकअपच्याच भोवती बसवलेली असते.

तिसरा कमानपाटे. एमएम ५४० सारख्या जुन्या जीपना पुढेही पाटेच असतात, आणि काही फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपनाही.

तुमच्या गाडीला काय आहे ते पाहायला खाली शिरायची गरज नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकाच्या मागच्या पोकळीत मोबाइलचा टॉर्च धरा आणि फोटो काढा. हाच फोटो पुढे दुकानात दाखवायला उपयोगी पडतो.

मोजमाप, पान्याच्या आधी

एक वही घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करा, चारही टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिझेल किती आहे ते लिहून ठेवा. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मिलिमीटरमध्ये मोजा. जमिनीपासून मोजू नका. तसं मोजलं तर टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात मिसळतात.

पुढच्या डाव्या-उजव्या मापांत फरक दिसला तर मागचे आकडेही पाहा. मागचा एका बाजूचा पाटा बसला असेल, तर तिरक्या कोपऱ्यातली पुढची बाजू उचललेली दिसते. अशा वेळी माणसं पुढे पाना फिरवत बसतात आणि दोष मात्र मागे असतो.

आता शॉकअप पाहा. बाहेरून हलका तेलकट धुरळा असेल तर चालतं. तेल ओघळून खाली थेंब धरत असेल तर तो शॉकअप संपला. टायरवर हात फिरवून बघा. ठरावीक अंतरावर खड्डे पडल्यासारखे लागत असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर टेकवून धरत नाही असं समजा. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याची जुनी पद्धत कारसाठी ठीक होती. पिकअपची स्प्रिंग इतकी कडक असते की दोन माणसांनी दाबूनही फारसं काही कळत नाही.

उचलायची गरज खरंच आहे का

मला इथे जरा थांबून बोलायचं आहे, कारण निम्मी कामं या टप्प्यावरच संपतात.

गाडी पुढून बसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पुढे बसवलेला जाड लोखंडी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), त्यावर दिव्यांची पट्टी. पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणारं हे वजन स्प्रिंगवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं. शिवाय असे क्रॅश गार्ड आणि बुलबार बेकायदेशीर आहेत, त्यांच्यावर कारवाई करा, असं पत्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पाठवलं आहे. तो बंपर काढा, चार दिवस गाडी चालवा आणि पुन्हा मोजा. वेल्ह्याकडे, मुळशीकडे शेतावर जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना याहून जास्त काही लागत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मापाचा, त्याच दर्जाचा नवा शॉकअप किंवा बुश (सांध्यातलं रबर) टाकणं ही दुरुस्ती आहे. बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणं हीसुद्धा दुरुस्तीच. मूळ उंचीच्या वर जायचं असेल तर आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत (एमएच १४ वाल्यांनी पिंपरी-चिंचवडच्या) विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येतो. मालवाहू गाडीला तर फिटनेसही लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

हे नियम कुणाला जाचक वाटतात. पण आपण राहतो त्या शहरात पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे यांची प्रमाणपत्रं अशाच संस्थेत चाचण्या होऊन मिळतात, आणि त्या चाचण्या गाडीच्या मूळ उंचीला आणि मूळ वजनाला धरून झालेल्या असतात. त्या आकड्यांपासून आपण जितके दूर जाऊ, तितकं त्या प्रमाणपत्राचं बळ कमी होतं.

म्हणून नवशिक्याला माझा सल्ला: पहिलं काम म्हणजे गाडी मूळ उंचीवर आणा, शॉकअप आणि बुश नवे टाका. पुणे परिसरातल्या बहुतेक कच्च्या रस्त्यांना एवढं पुरतं.

जागा आणि सामान

जागा पक्क्या काँक्रीटची आणि सपाट हवी. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक दिसायला पक्के असतात, पण खाली वाळू असते. जॅकच्या छोट्या चाकांखाली ते खचतात. दुसरी जागा नसेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचा किंवा लोखंडी पत्र्याचा मोठा तुकडा टाका. बावधन, वारजे, धनकवडी इथल्या उतारावरच्या पार्किंगमध्ये हे काम करूच नका. एखाद्या मित्राचं सपाट अंगण शोधा. पावसाळ्यात उघड्यावर करू नका. ओली फरशी आणि ओले हात, दोन्ही घसरतात.

सामानात सगळ्यात आधी तीन टनी हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. घोडीवर वजनाची क्षमता कोरलेली असली पाहिजे. नुसती वेल्डिंग करून दिलेली, आकडा नसलेली घोडी स्वस्त मिळते, ती घेऊ नका. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त पंक्चरसाठी असतो. बोहरी आळीत हत्यारं मिळतील: गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना), व्हर्नियर कॅलिपर, गंज सुटायचा स्प्रे, वायर ब्रश, डोळ्यांना चष्मा. चाकांना लावायचे लाकडी गुटके भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये कापून घ्या, चांगले जाड आणि एका बाजूने उतरते. टॉर्क रेंच महाग वाटतो. तो मागून आणा, भाड्याने आणा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका.

शॉकअप घ्यायला नाना पेठेत गेलात तर दुकानातले काका आधी गाडीचं साल विचारतील, मग टू-व्हील की फोर-व्हील, मग उंची वाढवली आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच दुकानात जा. गाडी उचललेली असेल तर मूळ लांबीचा शॉकअप चाक लटकल्यावर पूर्ण ताणला जातो आणि आतून ठोकतो. मूळ उंची असेल तर जास्त लांबीचा शॉकअप दाबला गेल्यावर खाली टेकतो. नेहमी जोडीने घ्या, दोन्ही बाजू एकदम बदला. ब्रँडबद्दल फार ताण घेऊ नका. चाकणच्या अलीकडे कुरुळीत गॅब्रिएलचा कारखाना आहे, आपल्या रस्त्यांसाठीचा माल इथेही तयार होतो. ओरिजिनल डबा आणि बिल मात्र तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही: गाडीची सर्व्हिस पुस्तिका. प्रत्येक बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, जॅक कुठे लावायचा, हे तिच्यातच असतं. ते आकडे मी इथे देत नाही, कारण ते मॉडेलनुसार आणि सालानुसार बदलतात, आणि दुसऱ्या गाडीचा आकडा तुमच्या बोल्टला मारक ठरू शकतो.

गाडी उचलणं

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

गाडी सरळ उभी करा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून खिशात ठेवा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून गुटके लावा. पुढची बाजू उचलली की गाडीला जमिनीवर धरून ठेवणारी फक्त मागचीच चाकं उरतात. चारही गुटके घट्ट बसले की नाही ते पायाने ठोकून बघा.

पुढच्या चाकांचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. हवेत लटकलेल्या चाकावर जोर लावला तर गाडी घोडीवरून हलते.

ट्रॉली जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, बहुधा पुढच्या आडव्या बीमखाली, लावा. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली, गिअरबॉक्सखाली किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांखाली तो कधीच लावू नका. हळूहळू उचला. जॅक उचलला जात असताना त्याची चाकं थोडी पुढे सरकतात, ती अडू देऊ नका.

हवी तेवढी उंची आली की दोन्ही बाजूंच्या चासीच्या रेलखाली घोडी लावा. सस्पेन्शनच्या आर्मखाली घोडी लावू नका, कारण आपल्याला तेच आर्म मोकळे हवे आहेत. घोडीचा खटका किंवा पिन पूर्ण बसली का ते डोळ्यांनी पाहा. जॅक सावकाश उतरवून वजन घोडीवर येऊ द्या.

आता बाहेर उभे राहून बंपरला दोन्ही हातांनी जोरात ढकला, आडवं आणि उभं. गाडी हलली, चरचरली, घोडीचा एक पाय उचलला गेला, तर पुन्हा उतरवा आणि पुन्हा लावा. हे ढकलणं घाबरून हळू करू नका. पडायचीच असेल तर गाडी तुम्ही बाहेर असताना पडू दे.

काढलेली चाकं आडवी करून दोन्ही बाजूंना चासीखाली सरकवा. घोडी निसटलीच तर गाडी चाकावर थांबेल आणि माणसाएवढी जागा उरेल. जॅकही बीमला हलका टेकवून तसाच ठेवा.

विटा, सिपोरेक्स ब्लॉक, दगडांची रास यांवर गाडी कधीही ठेवू नका. वीट तडकताना आधी आवाज देत नाही. दीड-दोन टनांच्या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन पुढे असतं.

एकटे काम करू नका. घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, आणि त्यांना जॅक पुन्हा कसा उचलायचा ते आधी दाखवून ठेवा. १०८ नंबर त्यांच्या फोनमध्ये असू दे. मुलांना त्या दिवशी पार्किंगमध्ये येऊ देऊ नका. चपला घालून काम करू नका.

शॉकअप बदलणं

टॉर्शन बारच्या गाडीत शॉकअपवर गाडीचं वजन नसतं, म्हणून हे काम घरी करण्याजोगं आहे. कमानपाट्याच्या गाडीतही तसंच. स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली असेल तर मात्र हा भाग सोडा आणि पुढचा कॉइल स्प्रिंगचा वाचा.

आदल्या रात्री वरच्या आणि खालच्या नटांना वायर ब्रश मारून गंजाचा स्प्रे टाकून ठेवा. सकाळी निम्मं काम सोपं झालेलं असतं.

काढायच्या आधी खालच्या आर्मखाली दुसरा छोटा जॅक टेकवा, आर्म किंचित वर येईल इतकाच. काही गाड्यांत चाक किती खाली लटकावं हे शॉकअपच अडवून धरतो. तो काढताच आर्म झटक्यात खाली येतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि बोटं मधे असतील तर चेपतात. कामात सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी हीच.

वरचा नट फिरवताना शॉकअपचा दांडा सोबत फिरतो. दांड्याच्या टोकाला दोन सपाट बाजू असतात, तिथे छोटा पाना धरा. चकचकीत दांड्याला पक्कड लावू नका. त्यावर एक ओरखडा उमटला की सील कापलं जातं आणि नवा शॉकअप काही दिवसांतच तेल गाळायला लागतो. वॉशर, रबर आणि कपबशीसारख्या पत्र्यांचा क्रम फोटो काढून ठेवा. खालचा बोल्ट अडला तर हातोडा बोल्टच्या आट्यांवर मारू नका. नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवून नटावर मारा.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघून जाते. गॅसचा शॉकअप असेल तर त्याला बांधलेली पट्टी लगेच कापू नका. वरचं टोक जागी बसवून रबर लावलं की मगच कापा. तो आपोआप लांब होतो, म्हणून तोंड आणि हात त्याच्या रेषेत ठेवू नका.

खालच्या टोकाला रबरी बुश असतो आणि त्याच्या बोल्टचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा. चाक लटकलेलं असताना बोल्ट पूर्ण आवळला तर बुश त्या खालच्या स्थितीत जखडतो. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, पहिल्याच महिन्यात फाटतं आणि "नवीन टाकूनही आवाज येतो" अशी तक्रार सुरू होते. आर्मच्या बुशनाही हाच नियम. आत्ता फक्त हाताने घट्ट बसेल इतकं आवळा.

चाक लावण्याआधी दोन तपासण्या उरकून घ्या. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर कुठे घासत नाही ना, आणि बॉल जॉइंटचे (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्यांचे) रबरी बूट फाटलेले नाहीत ना. फाटलेला बूट म्हणजे आत धूळ आणि पाणी, आणि तो जॉइंट आता फार टिकणार नाही. त्याचं काम गॅरेजला द्या. बॉल जॉइंट दाबून बसवायला प्रेस लागतो, हातोड्याने बसवलेला जॉइंट रस्त्यावर निसटू शकतो.

टॉर्शन बारची उंची

दांड्याच्या मागच्या टोकाला एक छोटा आर्म असतो आणि त्याला टेकलेला समायोजनाचा बोल्ट. तो आत गेला की दांड्याचा सुरुवातीचा पीळ बदलतो आणि गाडी उचलली जाते.

दांडा जास्त कडक होतो हा समज चुकीचा आहे. दांड्याची लांबी आणि जाडी तीच, म्हणजे कडकपणाही तोच. बदलते ती उंची, आणि त्याची किंमत चाकाच्या खाली जाण्याच्या मोकळिकीतून वळती होते. जेवढी गाडी वर, तेवढं चाक आधीच खाली लटकलेलं. खड्डा आला की चाकाला आणखी खाली जायला जागा उरत नाही, वरचा आर्म रबरी स्टॉपवर आपटतो. बोल्ट भरपूर आवळलेल्या जुन्या थार रस्त्यावर टणाटण उडतात त्याचं कारण हे आहे. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर एक्सलच्या जॉइंटचा कोनही तिरका होतो आणि बूट फाटतात. म्हणून मूळ उंचीपेक्षा २५ मिलिमीटर, फार तर ४०, यापुढे बोल्टने जाऊ नका.

बोल्टच्या आट्या साफ करा, स्प्रे टाका. बोल्ट किती बाहेर आहे ते व्हर्नियरने मोजून वहीत लिहा, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. बोल्टवर आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या रंगाची खूण करा. आता पुढची दोन्ही चाकं हवेत लटकलेली ठेवूनच फिरवा. वजन असताना फिरवला तर आट्या घासून खातात, आणि तो बोल्ट मिळणं सोपं नसतं.

दोन्ही बाजूंना एक एक फेरा द्या. चाकं लावा, गाडी उतरवा. लगेच मोजू नका. जॅकवरून उतरलेली चाकं आत ओढलेल्या स्थितीत अडकतात आणि उंची जास्त दिसते. गाडी दहा-पंधरा फूट पुढे-मागे घ्या, मग मोजा. एका फेऱ्याने तुमची गाडी किती उचलते ते आता कळलं, बाकीचा हिशेब वहीत करा. डाव्या-उजव्यातला फरक ५ मिलिमीटरच्या आत आला की थांबा. शून्य करायच्या नादाला लागू नका, ड्रायव्हर बसल्यावर तो तसाही बदलतो.

बोल्ट पूर्ण काढायचा नाही. दांडा बाहेर काढायचं काम पुलर असलेल्या गॅरेजचं आहे. पिळलेला आर्म सुटला तर हाड मोडतो. डावा आणि उजवा दांडा एकसारखे दिसले तरी प्रत्येक दांडा फक्त आपल्या बाजूच्या दिशेच्या पिळासाठी बनवलेला असतो, अदलाबदल चालत नाही. आणि दांड्यावर पाइप पाना, छिन्नी काही लावू नका. पृष्ठभागावरच्या ओरखड्यातूनच तडा सुरू होतो.

कॉइल स्प्रिंग: इथे घरचं काम अर्ध्यावर थांबतं

एक हिशेब करून पाहा. समजा स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला सहा किलोचा भार लागतो. ती १२० मिलिमीटर दाबलेली असेल तर तिच्यात ७२० किलोचा रेटा आहे. ती अचानक सुटली तर बाहेर पडणारी ताकद म्हणजे पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं पाऊण मीटरहून जास्त उंचीवरून अंगावर पडावं तेवढी. बाजारात दोन हुकांचे स्क्रूवाले स्प्रिंग कंप्रेसर स्वस्तात मिळतात. पिकअपच्या जाड स्प्रिंगवर त्यांचे हुक सरकतात, स्क्रू वाकतात. नवशिक्याने ते घेऊच नयेत.

घरी इतकंच करा: गाडी वर सांगितल्याप्रमाणे उचला, स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक सोडा, खालचा बोल्ट आणि वरच्या माउंटचे (असेंब्ली वर जिथे अडकते त्या बैठकीचे) कडेचे तीन-चार नट काढा, आणि स्प्रिंगसकट पूर्ण असेंब्ली बाहेर घ्या. माउंटच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. संपूर्ण स्प्रिंग त्याच एका नटाने दाबून धरलेली आहे. असेंब्ली तशीच गॅरेजला न्या, भिंतीवर बसवलेल्या प्रेसवर स्प्रिंग आणि शॉकअप बदलून घ्या, घरी आणून बसवा. मजुरी थोडी लागते, बाकीचं काम तुमच्या हातचं राहतं.

माउंटवर ठेवायचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे जाड तुकडे, हल्ली फार खपतात. दुहेरी आर्मच्या सस्पेन्शनमध्ये शॉकअप आर्मच्या मधे कुठेतरी बसतो, त्यामुळे २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकाशी ४० ते ५० मिलिमीटर उंची वाढवतो. "एक इंचच तर आहे" म्हणून घेतलेला तुकडा प्रत्यक्षात जवळजवळ दोन इंच होतो. मला विचाराल तर स्पेसरऐवजी योग्य वजनाची स्प्रिंग घ्या.

कमानपाटे

थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या पाट्यांचं काम कमानीवाल्याकडेच बरं. शॉकअप, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्यांचे) बुश आणि ग्रीस एवढं घरी करा. पाटा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट काढले तर नवेच टाका, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. पुढच्या एक्सल आणि पाट्याच्या मधे उंचीसाठी गुटका कधीही टाकू नका. ब्रेक मारताना एक्सल पिळतो आणि गुटका निसटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. लांब शॅकल लावली की कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागते.

उतरवल्यानंतर

गाडी चाकांवर आली. चाकांचे नट तारेच्या आकृतीत, समोरासमोर, टॉर्क रेंचने आवळा. गाडी थोडी पुढे-मागे घेऊन बुशचे बोल्ट आता अखेरचे आवळा. स्प्लिट पिन काढली असेल तर नवी टाका. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढा, नट आणि धातू दोन्हींवर जाईल अशी. पुढे बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबून पेडल पूर्वीसारखं कडक आहे ना पाहा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, टायर कुठे घासतो का ऐका.

उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बर (समोरून पाहता किती कललेली) बदलतातच. घरी दोरी लावून टो साधारण तपासता येतो, पण तो फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सुखरूप पोचण्यासाठी. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या, आणि छापील रिपोर्ट मागा, कामाआधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही. "झालं साहेब" यावर समाधान मानू नका. न केल्यास नवे टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने खातात.

हेडलाइटचंही तेच. काम सुरू करण्याआधीच गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून प्रकाशाची वरची कड खडूने आखून ठेवा. काम झाल्यावर तिथेच उभी करा आणि दिवे खाली घ्या. पुढून उचललेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते, आणि ताम्हिणीसारख्या घाटात रात्री समोरच्याला रस्ता न दिसणं म्हणजे तुमच्यावरचंच संकट.

पहिली फेरी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने. मोकळ्या जागी हलका ब्रेक, मग जोराचा ब्रेक, गाडी एका बाजूला ओढते का पाहा. नंतर रविवारी पहाटे पाषाण-सूसकडचा रिकामा रस्ता. कात्रजहून नवले पुलाकडे उतरणारा लांब उतार चाचणीसाठी नाही, तिथे ट्रक तुमच्या मागे असतात आणि थांबायला जागा नसते. घाटात, मग तो दिवे घाट असो की वरंधा, जायचं ते अलाइनमेंटनंतर आणि पहिल्या फेरआवळ्यानंतर.

५० ते १०० किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि रंगाच्या रेघा पाहा. हजार किलोमीटरनंतर चारही मापं पुन्हा घ्या. स्प्रिंग आणि रबर बसल्याने उंची थोडी कमी होते, ती वहीत लिहा. त्याआधी कधीही स्टिअरिंगमधून टकटक ऐकू आली, गाडी एकीकडे ओढू लागली, ब्रेक मारताना पुढून धक्का जाणवला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टोइंगने न्या.

काढलेले जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना गॅसचे आहेत का ते त्याला आवर्जून सांगा. आत दाब भरलेला असतो, गॅस कटरने कापायला घेतला तर फुटतो. स्वतः भोकही पाडू नका. तेल गळत असेल तर पिशवीत बांधून द्या, सोसायटीच्या गटारात सोडू नका.